ख्रिस्ती विश्वास आणि मनाचं समाधान: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनःशांती ध्यानानंसुद्धा मिळते. मग ख्रिस्ती विश्वासातलं समाधान वेगळं ते काय?

ध्यानानं डोकं शांत होतं, हे खरंच आहे. ते नाकारायचं काही कारण नाही. फरक एवढाच, की ख्रिस्ती विश्वासात समाधान ही थेट मिळवायची वस्तू नाही. आधी ओळख होते, मग नातं जुळतं, आणि समाधान त्याच्या मागून येतं. नुसत्या समाधानाच्या मागे लागणारा माणूस दोन-तीन महिन्यांत कंटाळतो, असंच बहुतेक वेळा दिसतं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राच्या पुस्तकाचा) चौथा अध्याय वाचा. भर दुपारी एक शोमरोनी बाई एकटीच विहिरीवर येते. माण-खटाव किंवा जत भागातल्या माणसाला दुपारच्या उन्हात पाण्याला जाणं काय असतं ते समजावून सांगायला नको. येशू तिला उपदेश करत नाही, आधी प्यायला पाणी मागतो. मग गोष्ट तिच्या घरापर्यंत, तिच्या पाच नवऱ्यांपर्यंत जाते. तो सगळं ओळखून आहे आणि तरीही बोलतोच आहे, हे तिला कळतं. अठ्ठाविसाव्या वचनात एक बारीकशी नोंद आहे: ती आपली घागर तिथंच टाकून गावात गेली. ज्या कामाला आली होती तेच विसरली. ख्रिस्ती माणूस ‘समाधान’ म्हणतो तेव्हा त्याला साधारण हे म्हणायचं असतं. आपल्याला कुणीतरी आतबाहेर ओळखलंय आणि तरी टाकलेलं नाही.

बायबल घेतलं, पण सुरुवात कुठून करू?

पहिल्या पानापासून नको. बायबल हा एक ग्रंथ नाही, ग्रंथांची पेटी आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं (जुन्या करारात ३९, नव्यात २७), कॅथलिक बायबलमध्ये ७३. उत्पत्तीपासून निघालेला वाचक उत्पत्ती आवडीनं संपवतो, निर्गमचा पूर्वार्धही सरतो. पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) फळ्या, पडदे आणि मापं सुरू झाली की तो दमतो, आणि लेवीयपर्यंत पोचलाच तर तिथं नक्की थांबतो. दोष त्याचा नसतो, वाट चुकलेली असते.

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. फक्त १६ अध्याय आहेत आणि चारही शुभवर्तमानांत तेच सगळ्यात छोटं. रोज एक अध्याय घेतला तरी सोळा दिवसांत संपतं. मोठ्यानं, सलग वाचलं तर दीड-दोन तास लागतात. एखाद्या रविवारी दुपारी असं करून पाहाच, तुकड्यातुकड्यानं वाचताना न दिसलेला वेग तेव्हा जाणवतो. त्यानंतर लूक (२४ अध्याय), मग योहान (२१), मग फिलिप्पैकरांस पत्र, जे चारच अध्यायांचं आहे आणि तुरुंगातून लिहिलेलं असूनही आनंदाबद्दल बोलतं. सोबतीला जुन्या करारातलं रोज एक स्तोत्र. स्तोत्रं १५० आहेत, म्हणजे पाच महिन्यांची शिदोरी. ११९ वं स्तोत्र मात्र १७६ वचनांचं आहे, ते एका दिवसात उरकायला जाऊ नका.

‘मार्क ४:३५’ असं दिसलं तर आधीचा आकडा अध्यायाचा, नंतरचा वचनाचा. जुन्या भाषांतरातली मराठी थोडी जड आहे, पण गाण्यांतून आणि उपासनेतून तीच कानावर पडते. म्हणून सोप्या मराठीतली प्रत रोज वाचायला आणि जुनी प्रत चर्चला न्यायला, अशा दोन जवळ असल्या तर उत्तम. डोळे मिटून बोट ठेवायचं आणि जे वचन निघेल तो आजचा कौल समजायचा, ही सवय मात्र लावून घेऊ नका. तो शकुन झाला, वाचन नव्हे.

रोज किती वेळ द्यायचा? पहाटे धारा, मग डेअरी, मग पोरांचे डबे. वेळच नाही.

वीस मिनिटं पुरतात. तीन मिनिटं नुसतं गप्प बसा, दहा मिनिटं वाचा, पाच मिनिटं प्रार्थना करा, शेवटच्या दोन मिनिटांत वहीत एक ओळ लिहा: आज कुठलं वचन अडकलं आणि का. वही महत्त्वाची. तीन महिन्यांनी मागं वळून पाहिलं की काय हललंय ते तिथंच दिसतं.

पहाटच पाहिजे असा नियम कुठंही नाही. दूध घालून आल्यावर, पोरं शाळेला गेल्यावर, रात्रीची पाण्याची पाळी असेल तर मोटर चालू करून बांधावर बसून, जिथं बसेल तिथं वेळ बसवा. मात्र जागा आणि वेळ रोज तीच ठेवा. दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळत नाही, तिथं चुलीपाशी किंवा गच्चीच्या जिन्यावरही चालतं. वाचन मोबाइलवर नको, छापील प्रतीत करा. मोबाइलवर वचन उघडेपर्यंत व्हॉट्सॲप उघडलेलं असतं.

चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी पाच अध्याय वाचून थकबाकी भरायला जाऊ नका. त्या दिवसाचा एकच वाचा. बहुतेकांचा नेम मोडतो तो या थकबाकीच्या ओझ्यानं. आळसाचा त्यात वाटा फार थोडा.

प्रार्थनेत बोलायचं काय? शब्दच सुचत नाहीत.

मग उसने घ्या. मत्तय ६:९-१३ मधली प्रभूची प्रार्थना येशूनं शिष्यांना अशीच हाताशी दिली. ती एका दमात न म्हणता एकेका ओळीवर थांबा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ इथं घरातल्या पैशांच्या अडचणी नावानिशी सांगा. ‘आमची ऋणे आम्हाला सोड’ इथं कालच्या दिवसातलं जे टोचतंय ते. त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग, आम्हीही आमच्या ऋण्यांना सोडलं आहे, म्हणताना जीभ अडखळली, तर प्रार्थना बरोबर चाललीय.

देवाला मराठी ख्रिस्ती माणूस ‘तू’ म्हणतो, आईला म्हणावं तसं. घरात जी बोली असेल तीच वापरा, छापील मराठीची गरज नाही.

एक सवय इकडच्या मातीतली असल्यानं हळूच आत शिरते: नवस. ‘पोराला नोकरी लागू दे, मग मी चर्चला इतके देईन.’ मागणं चुकीचं नाही, बायबल मागण्यांनी भरलेलं आहे. पण सौदा झाला की नातं व्यवहार होतं, आणि काम झालं नाही की माणूस देवावर आणि काम झालं की देणगीवर रुसतो. मागा, आणि पुढं ‘तरीपण तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणा. गेथशेमाने बागेत येशूनंही तेच म्हटलं, आणि त्याच्या वाट्याचा दुःखाचा प्याला, म्हणजे क्रूसावरचं मरण, टळला नाही.

रात्री झोपण्याआधी करायची एक जुनी पद्धत सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिली. उपकार माना, उजेड मागा, सकाळपासूनचा दिवस ताससतास डोळ्यांपुढून जाऊ द्या, जिथं चुकलं तिथं क्षमा मागा, उद्याचं एक काम देवापुढं ठेवा. दहा मिनिटांत होते. कॅथलिकांची म्हणून प्रोटेस्टंटांनी करू नये असं काही नाही.

सगळं करतोय, पण काहीच जाणवत नाही. माझ्यात विश्वास कमी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुतेकदा लाजत लाजत. कारणं वेगवेगळी असतात, आणि ती ओळखल्याशिवाय ‘अजून प्रार्थना करा’ म्हणणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं.

पहिलं कारण थकवा. एलीया संदेष्ट्याची हकिकत १ राजे १९ मध्ये आहे. ईजबेल राणीच्या धाकानं तो रानात पळतो, झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा गडू उशाशी ठेवतो आणि उठवून खायला सांगतो. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो. ‘तू इथं काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांनी येतो. ऊसतोडीच्या किंवा हळद शिजवायच्या हंगामात चार तास झोपणाऱ्या माणसाला प्रार्थनेत काही जाणवलं नाही, तर त्यानं आधी झोप काढावी.

दुसरं कारण भांडण. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू स्पष्टच सांगतो: वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. बांधाच्या वितभर जमिनीवरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद असेल, तर उपासनेतला कोरडेपणा तिथून येत असणं अगदी शक्य आहे. समेट म्हणजे जमीन सोडून देणं नव्हे, कज्जा वकिलाकडं चालू राहू शकतो. पण त्याच्या दारात जाऊन ‘बोलणं तरी चालू ठेवू’ म्हणता येतं.

तिसरं, अपेक्षा. मोठ्या सभेत ढोल, गाणी, हात वर केलेली शेकडो माणसं, डोळ्यांतून पाणी. सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात ते नसतं, आणि माणसाला वाटतं देव सभेतच राहिला. भावना ही जत्रा आहे आणि रोजचा विश्वास आठवडी बाजार. घर बाजारावर चालतं.

आणि कधीकधी यातलं काहीच नसतं. कोरडा काळ येतो तसा येतो. ८८ वं स्तोत्र काळोखावरच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते बायबलमध्ये ठेवलंय. प्रेषित पौलानं आपला ‘शरीरातला काटा’ काढावा म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर आलं ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच (२ करिंथ १२:९, म्हणजे करिंथकरांस दुसरं पत्र). काटा राहिला. अशा काळात नेम निम्मा करा, वीसची दहा मिनिटं करा, पण सोडू नका. प्रार्थनेत १३, ४२ आणि १३० ही स्तोत्रं नुसती वाचा. आपले शब्द आटले की त्यासाठीच ती आहेत.

विश्वास ठेवल्यावर औषधं बंद करावीत का?

नाही. बीपी, साखर, फिट्स, टीबी, मानसिक आजार, कशाचंही औषध प्रार्थनेच्या जोरावर बंद करू नका. फिट्सचं किंवा मनाच्या आजाराचं औषध अचानक थांबलं की आजार उलटतो, टीबीचं अर्धवट सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

खरं तर या भागात हा प्रश्न पडायलाच नको. मिरजेत १८९० च्या दशकात डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशनचं रुग्णालय उभं केलं आणि पुढं तिथंच डॉक्टरकीचं शिक्षणही सुरू केलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांना एका छताखाली राहायला तेव्हाही अडचण आली नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक आणि कामातला रस गेला असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोला आणि डॉक्टरांकडेही जा. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

चर्चमध्ये पहिल्यांदा जायचंय. आत गेल्यावर काय करायचं?

मागच्या बाकावर बसा. लोक उठले की उठा, बसले की बसा. खेड्यातल्या काही चर्चमध्ये चपला बाहेर काढतात आणि बाया-पुरुष वेगळ्या बाजूंना बसतात, दारातच नजर टाकली की कळतं. मराठी उपासना साधारण दीड तासाची: गीतं, पापकबुली, वाचन, उपदेश, अर्पण, आशीर्वाद. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून गीताचा क्रमांक पुकारतात, शेजारचा माणूस पुस्तक पुढं करतोच. पेटी-तबल्यावर अभंगाच्या चालीतलं गीत लागलं तर दचकू नका, ते शंभर वर्षांहून जुनं वळण आहे.

अर्पणाची थैली फिरते. पाहुण्यानं काही टाकलंच पाहिजे असं नाही, थैली पुढं द्यायची. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या) वेळी, किंवा कॅथलिक मिस्सात (उपासनेत) पवित्र भाकर देताना, बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) न झालेल्यानं जागेवर बसून राहायचं. यात अपमान नाही. जेवणाचं ताट कुटुंबाचं आहे आणि कुटुंबात यायची रीत आहे, एवढाच अर्थ.

कॅथलिक, सीएनआय, पेंटेकॉस्टल... कुठल्या मंडळीत (चर्चच्या समुदायात) जावं?

थोडा इतिहास लागेल. साताऱ्याकडं काम केलं अमेरिकन मराठी मिशननं, सांगली-मिरजेकडं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं. त्यांतल्या बऱ्याच मंडळ्या पुढं चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सीएनआय) आल्या, जी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झाली. कॅथलिक चर्चेस पुणे धर्मप्रांतात येतात. त्याशिवाय स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या) सभा गावोगाव आहेत.

शिकवणीतले फरक खरे आहेत, पण नवख्या माणसानं आधी एवढं पाहावं: बायबल उघडून वाचलं जातं का, हिशेब मंडळीपुढं ठेवतात का, पाळकाला प्रश्न विचारता येतो का, आजारी माणसाकडं कुणी जातं का. एका ठिकाणी सलग सहा रविवार जा आणि मग ठरवा. प्रार्थनेचे पैसे मागणं, ‘अभिषेकाचं तेल’ विकणं, घरच्यांशी संबंध तोडायला सांगणं, बरं वाटलं नाही तर ‘तुझ्याच विश्वासात खोट’ म्हणणं, बायकांना एकटं बोलावणं, यांतलं एक जरी दिसलं तरी सातव्या रविवारी जाऊ नका.

तुकोबांचे अभंग, वारी, हे सगळं सोडावं लागेल?

मराठी कवी नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला राहायला आले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि नावही नारायण वामन टिळकच ठेवलं. बाप्तिस्म्याला परकं नाव घ्यावंच लागतं हा गैरसमज त्यावरून मिटावा.

भाषा, चाल, ओवी, दिंडीतली समता हे सगळं तुमचंच आहे. उपासना कुणाची करायची, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तिथं ख्रिस्ती विश्वास गुळमुळीत नाही: ती एकाच देवाची. दोन्ही डगरींवर हात ठेवून समाधान मिळेल असं आम्ही सांगणार नाही.

घरात गणपती बसतो. सासूबाई आरतीला बोलावतात. काय करू?

आरती सुरू झाल्यावर ताटकळत नकार देऊ नका. आठवडाभर आधी, निवांत वेळी, एकटीनं त्यांच्याशी बोला: ‘आई, घर सारवीन, पाहुण्यांचा स्वयंपाक करीन, आरती मात्र म्हणणार नाही. राग मानू नका.’ कामात कमी पडू नका, कारण ‘धर्म बदलला आणि हातपाय गळाले’ हे वाक्य एकदा घरात शिरलं की निघत नाही. प्रसादाबद्दल १ करिंथ ८ आणि १० वाचा. तिथं पौल सरसकट एक उत्तर देत नाही, कुणाच्या सद्सद्विवेकाला ठेच लागते ते पाहायला सांगतो. मंडळ्यांमध्येही यावर एकमत नाही, म्हणून पाळकांशी बोलून ठरवा. आणि घरातल्या देवांची टिंगल कधीही नको. आईबापांचा मान राखणं ही दहा आज्ञांतली आज्ञा आहे, आणि आईबाप ख्रिस्ती असतील तरच, असं तिथं लिहिलेलं नाही.

बाप्तिस्मा कधी घ्यावा? कागदपत्रांचं काय?

घाईनं नको. प्रोटेस्टंट मंडळ्यांत तयारी काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालते. कॅथलिक पद्धतीत प्रौढांची तयारी बहुधा वर्षभराची, आणि बाप्तिस्मा शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत. बाप्तिस्मा एकदाच होतो. पैसे, नोकरी किंवा लग्न यांच्यासाठी घेतलेला बाप्तिस्मा पुढं गळ्यात अडकतो, आणि असं काही आमिष कुणी दाखवत असेल तर तिथून उठा.

चर्चच्या नोंदवहीतली नोंद वेगळी, सरकारी दप्तरातली वेगळी. अनुसूचित जातीच्या वाचकांनी एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच आहे, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट त्यांच्यासाठीच्या वेगळ्या आदेशात नाही. वकिलाला विचारा, घरच्यांना सांगा, मग ठरवा. हे लपवून बाप्तिस्मा देणारा पाळक तुमचं भलं करत नाही.

दशमांश दिलाच पाहिजे का?

उत्पन्नाचा दहावा हिस्सा ही जुनी रीत. नवा करार आकड्यापेक्षा खुशीवर भर देतो (२ करिंथ ९:७). सोसायटीचं कर्ज थकवून किंवा पोरांची फी अडवून देऊ नका. पावती घ्या. कापणीच्या सणाला लोक गूळ, हळद, द्राक्षं, कोंबडीसुद्धा आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एक भोपळा पाचशेला जातो आणि घेणारा तो परत लिलावात टाकतो. मोजून दिलेल्या पाकिटापेक्षा तिथं देण्यातली मजा लवकर कळते.

उपवासकाळात काय करायचं?

राखेच्या बुधवारपासून (ॲश वेन्सडे) ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, ४० दिवस. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन दिवस उपासाचे: एक पूर्ण जेवण, दोन वेळा थोडं. मधुमेही, गरोदर बायका आणि आजारी यांनी करू नये. साबुदाण्याच्या खिचडीनं दुप्पट खाणं हा उपास नव्हे, हे इकडं मुद्दाम सांगावं लागतं. वाचलेल्या जेवणाचे पैसे बाजूला काढून कुणाला तरी द्या.

आपल्यात काही बदल होतोय हे कसं ओळखायचं?

स्वतःला विचारू नका, घरच्यांना विचारा. गलती ५:२२-२३ मध्ये आत्म्याच्या फळांची यादी आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊपैकी बहुतेक दुसऱ्या माणसाशी वागतानाच दिसतात. सहा महिन्यांनी बायकोला, नवऱ्याला किंवा शेतावरच्या गड्याला विचारा, ‘मी ओरडतो ते कमी झालंय का?’ उत्तर ऐकून घ्यायची तयारी असेल तरच विचारा.

चर्च गावापासून तीस किलोमीटर आहे. दर रविवारी जमत नाही.

दोन-तीन घरं मिळून आठवड्यातून एकदा तासभर जमा. दोन गीतं, एक अध्याय आळीपाळीनं मोठ्यानं, ‘यातलं काय कळलं नाही?’ हा एकच प्रश्न, मग एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना. जमण्याचं घर दर आठवड्याला बदला आणि खायला चहापुरतंच ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात यजमानीणबाई दमतात आणि सभा बंद पडते. प्रभुभोजन मात्र असं घरच्या घरी होत नाही. बऱ्याच मराठी मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. पाळकांना फोन करून खात्री करून घ्या, आणि निदान त्या रविवारची एसटी चुकवू नका.